कट्ट्यावरची प्रयोगवही

रोज सकाळी आम्ही पाच मित्र टेकडी चढतो आणि उतरल्यावर पायथ्याच्या चहाच्या टपरीशेजारी कट्ट्यावर टेकतो. कित्येक वर्षं तिथे एकच विषय निरनिराळ्या रूपांत यायचा. नदी कशी नासली, उन्हाळा कसा असह्य झाला, सोसायटीत किती टँकर येतात, कचऱ्याची गाडी दोन दिवस चुकली की जिन्यात उभं राहवत नाही. उपाय प्रत्येकाकडे असायचा. चहा संपला की उपायही तिथेच राहायचे.

एका रविवारी आमच्यातल्या निवृत्त शिक्षकाने दोनशे पानी वही आणून मध्ये ठेवली. पहिल्या पानावर त्याने एकच अट लिहिली होती : जे आपण स्वतःच्या घरी किमान पंधरा दिवस केलं आहे, तेवढंच इथे सांगायचं. त्या रविवारी वही कोरी राहिली. पाच सुशिक्षित माणसं, पर्यावरणावर तासभर बोलू शकणारी, आणि सांगण्यासारखं एकाकडेही काही नव्हतं. ती कोरी पानं आम्हाला लागली. पुढच्या रविवारी तिघांनी घरी काहीतरी सुरू केलं होतं.

आज ती वही आमच्या गल्लीतल्या पंधरा घरांत फिरते. ती कशी चालते, तिच्यात काय लिहितात, चुका कशा पकडल्या जातात, हे इथे क्रमाने सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या वाड्यात, सोसायटीत किंवा गावात अशी वही सुरू करता येईल.

ही रीत आपल्याच मातीतली

ही कल्पना आमची नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, त्याचं हे शहरी, लहानसं रूप आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर हे त्यांचे धाकटे भाऊ. श्री. अ. दाभोलकरांचं म्हणणं सरळ होतं. शेतकऱ्याने आपल्या रानात लहान प्रमाणात प्रयोग करावा, डोळे उघडे ठेवून त्याची नोंद करावी आणि जे हाती लागेल ते लपवून न ठेवता दुसऱ्या शेतकऱ्याला सांगावं. दुसऱ्याने ते आपल्या रानात पुन्हा करून बघावं. सांगली-तासगाव पट्ट्यातले द्राक्ष बागायतदार अशा रीतीने एकमेकांकडून शिकत गेले. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं, हा दाभोलकरांचा आग्रह होता. 'विपुलाच सृष्टी' या त्यांच्या पुस्तकात हा विचार वाचायला मिळतो.

यात ज्ञान वरून खाली येत नाही, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जातं. तज्ज्ञाचा सल्ला नाकारायचा नसतो, पण तो आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर तपासून घ्यायचा असतो. शहरात बांध नसतो, पण भिंतीला भिंत लागून घरं असतात. एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात तेच होऊ शकतं.

वहीचं एक पान

प्रत्येक प्रयोगाला एक पान. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात सात नोंदी असतात : प्रश्न काय होता, काय केलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आधीचं माप, नंतरचं माप, खर्च आणि रोजचा वेळ, आणि शेवटी काय बिघडलं. खालचा अर्धा भाग कोरा सोडायचा. तो इतरांसाठी असतो.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे. 'पाणी वाचवणे' हा प्रश्न नव्हे. 'आमच्या घरी अंघोळीला माणशी किती पाणी लागतं?' हा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर बादलीने मोजता येतं.

आधीचं माप सगळ्यांत जास्त वेळा राहून जातं. उत्साहाच्या भरात माणूस बदल आधी करतो आणि मग किती फरक पडला ते अंदाजाने सांगतो. म्हणून आम्ही असं ठरवलं आहे की पहिले सात दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं.

रोजचा वेळ लिहायचा, कारण घरात तो वेळ कुणीतरी देत असतं आणि बहुतेक वेळा ती घरातली बाई असते. एका मित्राने कचरा वर्गीकरणाला 'रोज पाच मिनिटं' असं लिहिलं होतं. त्याच्या बायकोने खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'पाच मिनिटं त्याची, वीस माझी.' तेव्हापासून वेळेच्या नोंदीत 'कुणाचा' हेही लिहितात.

'काय बिघडलं' ही सातवी नोंद रिकामी ठेवायला परवानगी नाही. तिचा उपयोग पुढच्या उदाहरणावरून कळेल.

वास आलेला डबा

आमच्यातल्या एकाने रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घेतला, बाजूंना आणि तळाला भोकं पाडली, खाली ताटली ठेवली आणि ओला कचरा त्यात टाकायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी डब्याला असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. नवव्या दिवशी त्याने डबा बंद केला. पण वहीत त्याने सगळं लिहिलं : रोज काय टाकलं, वास कधी आला, ताटलीत पाणी किती साचलं.

पुढच्या रविवारी ते पान वाचताना कारण सापडलं. डब्यात भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात होता. कोरडं काहीच नव्हतं.

कचरा कुजवण्याचं काम सूक्ष्म जीव करतात. त्यांना कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, साधारण पंचवीस-तीस भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन या प्रमाणात. वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंडीचा भुगा यांत कार्बन भरपूर असतो. हिरव्या, ओल्या कचऱ्यात नायट्रोजन आणि पाणी जास्त असतं. नुसता ओला कचरा भरला की तो दबून बसतो, मधली हवा निघून जाते आणि हवेशिवाय वाढणारे जीवाणू माजतात. दुर्गंधी त्यांची असते. म्हणजे वास आला याचा अर्थ हा प्रयोग आपल्याला जमणारा नाही असा नाही. डब्यात कोरडं कमी आणि हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ.

उपाय सोपा निघाला. एक वाटी ओल्या कचऱ्यावर एक ते दोन वाट्या चुरलेली वाळकी पानं घालायची. दोन-तीन दिवसांनी काठीने वर-खाली करायचं. ओल बघायला मूठभर मिश्रण हातात घेऊन दाबायचं. बोटांतून पाणी ठिबकलं तर कोरडं वाढवायचं, मूठ उघडताच सगळं सुटून पडलं तर पाण्याचा हबका मारायचा, गोळा बनला आणि हात नुसता दमट झाला तर ठीक. मुंग्या लागल्या तर मिश्रण फार कोरडं झालं आहे. जाडसर अळ्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, त्याही कचराच खातात. फक्त कोरडं वाढवून झाकण नीट लावायचं. पहिल्यांदा सुरू करताना कुणाकडून तरी तयार खताच्या दोन ओंजळी आणून तळाशी घातल्या की काम लवकर मार्गी लागतं, कारण त्यात सूक्ष्म जीव आयतेच असतात. आंबट ताकही चालतं.

दुसऱ्यांदा त्याच डब्यात दोन महिन्यांनी काळपट, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं खत तयार झालं. ते चाळून त्याने शेजारच्या काकूंच्या तुळशीला घातलं.

त्याने पहिलं अपयश लिहिलंच नसतं तर आमच्यापैकी चौघांनी तीच चूक केली असती आणि चौघांनीही डबे बंद केले असते. सातवी नोंद त्यासाठी असते.

दोन घरांची परीक्षा

एका घरात जमलं एवढ्यावर प्रयोग पक्का झाला असं आम्ही मानत नाही. आणखी दोन घरांनी तो करायचा आणि पानाच्या खालच्या अर्ध्या भागात आपला अनुभव लिहायचा. मग त्या पानावर हिरवी खूण होते.

खताच्या डब्याची खरी माहिती या खालच्या भागातच जमली. दुसरं घर पाचव्या मजल्यावरचं, अंगण नाही, झाड नाही. वाळकी पानं आणायची कुठून? त्यांनी नारळाच्या भुशाची वीट भिजवून वापरली आणि पुढे तयार खताचाच चौथा हिस्सा परत कोरडा माल म्हणून घालू लागले. तिसरं घर सात माणसांचं आणि सामिष खाणारं. त्यांनी लिहिलं की हाडं आणि माशांचे काटे घरातल्या लहान डब्यात टाकू नयेत, वास आणि उंदीर दोन्ही येतात. तसंच सात माणसांना एक डबा पुरत नाही, एक भरून कुजत असताना दुसरा चालू हवा.

पानांच्या प्रश्नाला आमच्या पुण्यातच एक उत्तर आहे. अदिती देवधर यांनी सुरू केलेल्या 'ब्राऊन लीफ' उपक्रमात ज्यांच्याकडे वाळक्या पानांचे ढीग पडतात आणि ज्यांना खतासाठी, बागेसाठी पानं हवी असतात, त्यांची गाठ घालून दिली जाते. पानगळीच्या दिवसांत एका सोसायटीत जी पानं पेटवून धूर केला जातो, तीच दुसऱ्या सोसायटीत कुणीतरी शोधत असतं. कचरा आणि कच्चा माल यांत कधीकधी एवढाच फरक असतो की दोन माणसांची ओळख झालेली नसते.

याच परीक्षेत काही दावे गळतातही. फळांच्या सालींपासून बायोएन्झाइम करण्याची कृती आमच्याकडे आली : एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन महिने. पहिल्या महिन्यात वायू साठतो, म्हणून झाकण रोज सैल करून पुन्हा लावायचं, आणि काचेची बाटली वापरायची नाही, कारण ती फुटू शकते. तिन्ही घरांना ते पातळ करून फरशी पुसायला चांगलं वाटलं. पण 'याने नाला शुद्ध होतो' असं जे त्या पानावर लिहिलं होतं, त्याखाली कुणालाच माप लिहिता आलं नाही. ते वाक्य खोडलं. फरशीपुरती हिरवी खूण राहिली. ऐकीव गोष्ट कितीही चांगली वाटली तरी तिला माप नसेल तर ती वहीत राहत नाही.

पेला, घड्याळ आणि मीटर

मोजायला महागडी उपकरणं लागत नाहीत.

गळणाऱ्या नळाखाली तासभर पेला ठेवा. २०० मिलिलिटरचा पेला तासात भरला तर दिवसाला ४.८ लिटर आणि वर्षाला सुमारे १,७५० लिटर पाणी जातं. नळाचा वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात.

वीस लिटरची बादली शॉवरखाली ठेवून ती किती वेळात भरते ते बघा. दोन मिनिटांत भरली तर शॉवर मिनिटाला दहा लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटं अंघोळ म्हणजे चार बादल्या.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी एका बादलीत सोडा आणि शुद्ध पाणी दुसऱ्या भांड्यात. दोन्हींची तुलना केली की बहुतेक घरं चकित होतात. हे टाकाऊ पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. कुंड्यांना मात्र सतत घालू नये, त्यात क्षार जास्त असतात.

विजेचं मीटर रोज ठरलेल्या वेळी वाचा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. रोज दहा तास चालला तर पाऊण युनिटाच्या जागी ०.३ युनिट, म्हणजे महिन्याला एका पंख्यामागे साडेतेरा युनिटं वाचतात. आपल्या दराने गुणलं की पंख्याची किंमत किती महिन्यांत वसूल होईल ते कळतं.

गच्चीचं गणित आणखी मोठं आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. शंभर चौरस मीटर गच्ची आणि वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७०,००० लिटर. त्यातलं वीस टक्के बाष्प होऊन, सांडून गेलं असं मानलं तरी ५६,००० लिटर उरतं. दहा हजार लिटरचे साडेपाच टँकर आपल्या डोक्यावरून गटारात जात असतात. हे गणित आमच्या सोसायटीच्या बैठकीत फळ्यावर मांडलं तेव्हा पाऊसपाणी जिरवायचा ठराव पहिल्यांदा मंजूर झाला. याआधी तीन वर्षं नुसत्या आवाहनाने तो मंजूर झाला नव्हता.

कट्ट्यावर कोण बसतं

आमची सुरुवातीची चूक ही की आम्ही पाच सारखीच माणसं होतो, सारख्याच पगाराची आणि सारख्याच वयाची. वही खरी भरू लागली ती कट्टा मोठा झाल्यावर.

प्लंबरने सांगितलं की फ्लशची टाकी गळते का ते बघायला तिच्यात हळदीचं पाणी टाकावं. फ्लश न करता अर्ध्या तासात खाली पिवळं दिसलं तर गळती आहे. माळ्याने सांगितलं की कुंडीतल्या मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड पुरतं.

आणि सगळ्यांत मोलाचं बोलल्या त्या आमच्या इमारतीतून कचरा नेणाऱ्या ताई. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली उभी राहिली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली. कोणता कचरा विकला जातो, कोणता नाही, हे या बायांइतकं कुणालाही ठाऊक नसतं. ताईंनी सांगितलं : दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, तो बारीक तुकडा पुन्हा कधीच हाताला लागत नाही. पिशवी धुऊन वाळवा. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना भंगारात भाव नाही, तेव्हा ती आणायचीच कमी करा. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही. हे शेवटचं ऐकताना कट्टा गप्प झाला होता. दुसऱ्या दिवसापासून पंधराही घरांत लाल पेन डब्याशेजारी टांगलेलं आहे.

ऋतूंप्रमाणे कामं

वहीच्या शेवटच्या पानांवर वर्षाचं वेळापत्रक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते. तेव्हाच वर्षभराची वाळकी पानं पोत्यांत भरून ठेवायची. मेअखेर गच्ची झाडायची, पन्हाळी आणि नळ्या मोकळ्या करायच्या. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी धूळ घेऊन येतं, ते बाहेर सोडून मग साठवायचं. श्रावणापासून निर्माल्य वाढतं. त्यातला दोरा, प्लॅस्टिक, थर्माकोल काढून फुलं खताच्या डब्यात घालायची. भाद्रपदात शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करायची. माती पूर्ण विरघळली की पाणी कुंड्यांना आणि माती पुढच्या वर्षीसाठी. दिवाळीच्या आवराआवरीत निघालेल्या वस्तूंची एका रविवारी देवघेव होते. एका घरात नको असलेला मिक्सर दुरुस्त होऊन दुसऱ्या घरात चालू लागतो. थंडीत खताचा वेग मंदावतो, पण मेथी-पालक कुंडीत छान येतात.

वही बंद पडू नये म्हणून

असे गट बहुधा सहा महिन्यांत विरतात. आम्ही पाळत असलेले काही नियम त्यावरचे उपाय आहेत.

बैठक पाऊण तासाची, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी. प्रत्येकाला पाच मिनिटं. वही सांभाळणारा माणूस दर महिन्याला बदलतो, म्हणजे ती कुणा एकाची होत नाही. कट्ट्यावर काहीही विकायचं नाही. कुणाच्या घरी किती कचरा निघतो यावरून कुणाला बोलायचं नाही. शरम वाटली की माणूस खरं लिहिणं सोडतो. तीन महिन्यांतून एकदा शेतकऱ्यांच्या शिवारफेरीसारखी घरफेरी काढायची : दोन घरं ठरवायची, तिथे जाऊन प्रत्यक्ष डबा, टाकी, गच्ची बघायची. ऐकून जे कळत नाही ते बघून कळतं. आणि पंधराच्या वर घरं झाली की गट दोन करायचे, महिन्यातून एकदा वह्यांची अदलाबदल करायची.

या सगळ्याला मर्यादा आहेत. नदीत मिसळणारं मैलापाणी, शहराची बससेवा, टेकड्यांचं रक्षण ही कामं पंधरा घरांच्या आवाक्यातली नाहीत. ती महापालिकेने आणि शासनाने केली पाहिजेत, आणि त्यांच्याकडून ती करवून घेतली पाहिजेत. पण मागणी करायला जाताना हातात मापं असली की बोलण्याला वजन येतं. घरटी रोज अर्धा किलो ओला कचरा धरला तर साठ घरांच्या सोसायटीतून दिवसाला ३० किलो, महिन्याला ९०० किलो निघतो. तो आम्ही इथेच जिरवतो, ही नोंद पाहा, आता आमच्या भागातल्या नाल्याचं तुम्ही काय करणार ते सांगा, असं म्हणणाऱ्या नागरिकाला टाळणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

तुमच्याकडेही चार मित्र असतील, एक कट्टा असेल आणि हेच बोलणं रोज होत असेल. येत्या रविवारी शंभर पानी वही घेऊन जा. पहिल्या पानावर ती एक अट लिहा. पहिला रविवार कोरा गेला तर नाराज होऊ नका, आमचाही गेला होता. घरी येऊन गळणाऱ्या नळाखाली तासभर पेला ठेवा आणि जे माप येईल ते तारखेसह लिहून पुढच्या रविवारी वाचून दाखवा.